व्हेनचं कडं आणि क्लेमचा घोटा

केटलबीच्या मेंढीबाजाराच्या मैदानावर त्या रविवारी दीडशे जुन्या मोटारसायकली चकचकीत पुसून उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी एका हिरव्या व्हॅनभोवती लोटली होती. कुणाच्या कमरेत स्टीलचा सांधा, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. जन्मभर पाने आणि ग्रीस हाताळलेले हे यॉर्कशरचे म्हातारे तोंडाचा आ करून एका पितळी कड्याकडे बघत होते.

कडं कॉर्नेलियस व्हेनच्या हातात होतं. पांढरी दाढी, मखमली बंडी आणि मधात बुडवलेला आवाज.

"बंधूंनो, तुमचा पाय म्हातारा झालेला नाही! आटला आहे तो पाय आणि यंत्र यांच्यामधला प्रवाह. हे कडं गुडघ्यावर चढवा. धरणीच्या पोटातला प्रवाह गुडघ्यातून किकमध्ये उतरेल आणि इंजिन तुम्हाला ओळखेल!"

"इंजिन ओळखेल म्हणे," नोरा पिकर्सगिल पुटपुटली. "मला अजून माझं मांजर ओळखत नाही."

नोराने चाळीस वर्षं घरोघर फिरून जखमा बांधल्या होत्या. नर्सच्या नोकरीत तिने पुष्कळ चमत्कार पाहिले होते आणि त्यानंतरची ड्रेसिंगही केली होती. पण तिचा धाकटा भाऊ क्लेम आज पुढे सरकत होता. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय वाळला होता. तरी वडिलांची पाचशे सीसीची मोटारसायकल त्याने चाळीस वर्षं चालवली. गाडीच्या उजव्या बाजूला जमिनीवर उभं राहायचं आणि धडधाकट डाव्या पायाने किक मारायची. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघाही गेला आणि गाडी शेडमध्ये चादरीखाली गेली.

"पायाची लोखंडी पट्टी काढा," व्हेन म्हणाला. "लोखंडाने प्रवाह अडतो."

क्लेमने पट्टी काढली. व्हेनने त्याच्या वाळक्या गुडघ्यावर कडं चढवलं. मग स्वतःच्या काळ्या मोटारसायकलीशी जाऊन एक हात रेशमी रुमालाने झाकलेल्या हँडलवर ठेवला, दुसऱ्या तळव्याने किक हळूहळू खाली दाबली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. "हां. आता मारा किक, प्रवाहाचा आशीर्वाद आहे."

क्लेमने वाळक्या पायाने किक मारली आणि इंजिन धडधडायला लागलं.

म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. क्लेम रडत होता. नोराला बोलायचं होतं, पण भावाचा तो चेहरा बघून तिने तोंड मिटून घेतलं. पुढे कित्येक दिवस त्या गप्प बसण्याची तिला शरम वाटत राहिली.

गुरुवारी सकाळी शेडमधून किंकाळी आली. नोरा धावली, तर क्लेम फरशीवर पडलेला, पाय भलतीकडेच वळलेला. व्हेनकडून विकत घेतलेलं कडं गुडघ्यावर, पायाची पट्टी खुंटीवर. इंजिनाने उलटी किक मारली होती. घोटा दोन ठिकाणी मोडला होता.

इस्पितळात तिने विचारलं, "स्पार्कची लिव्हर मागे घेतली नव्हतीस? ती पुढे राहिली की इंजिन उलटी किक मारतं, हे तर तू मला शिकवलंस!"

क्लेम भिंतीकडे बघत राहिला. "माहीत होतं गं मला. पण तो म्हणाला, लिव्हरला हात लावलास तर प्रवाह तुटेल. मला वाटलं, खरंच असेल तर? एकदा तरी..."

नोराने व्हेनला फोन लावला. त्याचा आवाज अजून मधातलाच. "बाई, कडं निर्दोष आहे. तुमच्या भावाच्या श्रद्धेत खोट होती."

नोराने फोन ठेवला. पाय मोडायचा आणि वर दोषही मोडलेल्यालाच द्यायचा!

पुढचा मेळावा पंधरा दिवसांनी होता. नोरा दोन तास आधी पोचली. गर्दी जमायच्या जरा आधी व्हेनने व्हॅनमागे पाव तास इंजिन चालवून तापवलं, बंद केलं, त्यावर घोंगडी टाकली आणि हँडलवर रुमाल बांधला. नोराने सगळं पाहिलं आणि मोटारसायकल क्लबच्या अध्यक्षांना, बर्कबेकना, गाठलं. त्यांच्याही गुडघ्यावर कडं होतं.

"नोरा, उगाच फाटे फोडू नकोस. माझ्या पायात फरक पडलाय."

"मग आज जवळ उभे राहा आणि नुसतं बघा."

गर्दी जमली. क्लेम चाकांच्या खुर्चीत होता. व्हेनने स्वयंसेवक मागितला तशी नोरा पुढे झाली. "माझंही बघा हो, साहेब. कडं मी घालूनच आलेय, स्कर्टच्या आत."

व्हेन खुलला. हात हँडलवर, तळवा किकवर, पुटपुट. नोराने किक मारली, इंजिन धडधडलं, टाळ्या पडल्या. नोराने इंजिन बंद केलं, स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि गुडघ्याला दोरीने बांधलेली कडी सोडून उंच धरली.

"ही माझ्या न्हाणीघराच्या पडद्याची कडी आहे. हिच्यात कुठल्या धरणीचा प्रवाह आला?"

कुणीतरी खो खो हसलं.

"आता तुम्ही दोन्ही गुडघ्यांना तुमचं एकेक कडं घाला, साहेब," नोरा म्हणाली. तिने हँडलवरचा रुमाल ओढून काढला आणि स्पार्कची लिव्हर पुढे ढकलली. "हात खिशात ठेवा आणि मारा किक."

"हात लावू नका त्या लिव्हरला!" व्हेन किंचाळला. आवाजातला मध एका क्षणात आटला.

"का? प्रवाह तुटेल की घोटा?"

व्हेन जागचा हलला नाही. पितळ उघडं पडलं ते असं.

बर्कबेक गुडघे टेकून इंजिनाशी बसले. उठले तेव्हा लाल झाले होते, रागाने की लाजेने, कोण जाणे. "सिलिंडरखाली जाड पट्टी घातलीय. आतली हवा कमी दाबली जाते, म्हणून किक हलकी. रुमालाखालच्या छोट्या लिव्हरने धूर सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, हवा निसटते, मग किक दाबून पिस्टन अवघड जागेपलीकडे नेता येतो. स्पार्क आधीच मागे घेतलेला, इंजिन तापलेलं. अशी गाडी माझी नातही चालू करेल. आणि हे आपल्याला ठाऊक होतं! प्रत्येकाला!"

"मग हे कडं पाठीला तरी चालेल का?" मागून एका बाईंनी विचारलं. नोराने कपाळाला हात लावला.

तोवर व्हेनची व्हॅन फाटकाबाहेर पडली होती. अडवायला कुणी धावलं नाही. धावणार कोण, निम्म्यांच्या हातात काठ्या.

त्या हिवाळ्यात बर्कबेकच्या वर्कशॉपमध्ये क्लेमच्या गाडीवर काम झालं. सिलिंडरखाली तशीच पट्टी, पण उघडपणे. किकची दांडी चार बोटं लांब, म्हणजे ताकद कमी लागते. व्हॉल्व्हच्या लिव्हरला नवी तार. शिवाय जमिनीवर एक विजेचा रोलर. मागचं चाक त्यावर ठेवलं की तो चाक फिरवून इंजिन चालू करतो, पायाला तसदीच नाही. आणखी अकरा जणांनी गाड्या तशा करून घेतल्या. क्लेमचा घोटा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तो आता लंगडतो, दोन्हीकडून.

वसंतात पहिल्यांदा रोलरवर गाडी चालू झाली तेव्हा क्लेम म्हणाला, "यात रडण्यासारखं काहीच नाही गं. नुसतं चालू होतं."

"तेच तर," नोरा म्हणाली. "ज्याने तुला मदत केली तो काय केलं ते दाखवतो, आणि चुकलं तर पुन्हा दुरुस्त करतो. जो रुमाल बांधतो आणि चुकलं की तुझ्या श्रद्धेला दोष देतो, त्याच्या हातात स्वतःचा पाय देऊ नये. आधी रुमाल काढायला सांगावं."

क्लेमने पायाची पट्टी नीट आवळली आणि गिअर टाकला.