चांगल्या घरची

एतेरीला इंग्रजी वाचता यायचं नाही, म्हणून सरकारी लिफाफा आला की तो न फोडता ती वसुधाकडे घेऊन यायची. २०२१च्या मार्चमधला हा लिफाफाही तसाच आला. मास्कमुळे एतेरीचे डोळेच तेवढे दिसत होते.

वसुधा परदेशात शॅनन गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला जवळच्या एनिसला. एतेरी जॉर्जियाची. नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवून आलेली, आश्रय मागून तीन वर्षं सरकारी वसतिगृहातल्या एका खोलीत काढलेली. वसुधाचे ब्लाउज सैल करून देण्याचं निमित्त झालं आणि दोघींचं जमलं.

आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, अपीलही गेलं. निदान माणुसकीच्या नात्यानं राहू द्या, एवढीच विनंती उरली. त्यासाठी ओळखीच्यांची पत्रं लागतात, आणि वसुधा तर एका पायावर तयार. आता आपल्याकडे कुणाची शिफारस करायची तर सुरुवात घराण्यापासून. बाई उघड्यावर पडलेली नाही, हे सांगायला नको? एतेरीच्या बोलण्यातून कळलेलं सगळं तिनं लिहिलं: भाऊ शाळेचा मुख्याध्यापक, गावात मान, दुमजली घर, माहेर भक्कम. वर भावाचा पत्ताही दिला.

"अगं, हे पत्र आहे की स्थळाचा बायोडेटा?" तिच्या नवऱ्यानं, नंदकुमारनं, चेष्टा केली.

"चांगल्या घरची आहे हे कळू दे ना त्यांना. नाहीतर वाटेल, आली कुठून तरी!"

वकिलाला दाखवायचं तर आठवडा जाणार. तिनं पत्र सरळ पोस्टात टाकलं.

आज लिफाफ्यातल्या सरकारी निर्णयातून तेच पत्र तिच्यासमोर परत आलं होतं. 'स्नेह्यांच्या पत्रानुसार मायदेशी अर्जदाराच्या भावाचं मोठं घर व कुटुंबाचा भक्कम आधार आहे. त्या तिथे सुरक्षित राहू शकतात. विनंती नामंजूर.' पहिलं वाक्य गाळलं असतं तर एतेरीला कळलंही नसतं. पण वसुधानं ते वाचून दाखवलं.

"भाऊ?" एतेरीनं विचारलं. "त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

एतेरी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मोडक्या इंग्रजीत ती सावकाश म्हणाली, "तीनदा गेले भावाकडे. तीनदा त्यानंच गाडीत घालून नवऱ्याच्या दारात सोडलं. गावात मान आहे ना त्याला."

वसुधाच्या थोरल्या बहिणीला, सुरेखाताईला, बाबांनी असंच दोनदा सासरी पोचवलं होतं, साडीचोळी करून. बाबांनाही गावात मान होता. हे सगळं माहीत असून तिनं एतेरीला कधी विचारलं नव्हतं, की भाऊ एवढा चांगला तर तू इतक्या लांब का आलीस?

तिनं वकिलाला फोन लावला. "हे पत्र मला आधी दाखवायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला.

निर्णयाला एक फॉर्म जोडलेला होता. पाच दिवसांत स्वखुशीनं जायला कबूल झाल्यास तिकीट सरकारचं, वर शिलाई मशीनला मदत. नाहीतर पोलिसांच्या पहाऱ्यात पाठवणार, आणि त्याला कितीतरी पट खर्च. दोन्ही सरकारांमध्ये माणसं परत घेण्याचा करार होता, तिकडून नकार यायचा प्रश्नच नव्हता. स्वखुशी म्हणे! बाईला परत पाठवण्याच्या कामात बाबा काय, भाऊ काय आणि सरकार काय, सगळे एकाच माळेचे मणी. आणि त्या माळेत आता आपणही आहोत, हे वसुधाला लख्ख दिसलं.

"पोलिस नकोत," एतेरी म्हणाली. "गाव बघेल. तू लिही."

वसुधानं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. शेवटचा रकाना होता: परतल्यावर कुठे राहणार?

वसुधानं तो वाचून दाखवला. "भाऊ," एतेरी म्हणाली. "दुसरं कोण आहे?"

पत्ता विचारावा लागला नाही. तो वसुधाला पाठ होता.