टिटवी आणि तोफ

प्रेमानंद ट्रॅक्टर चालवायचा व्यंकटरावांचा, पण तोंड थेट तोफखान्याचं. लेक चैताली नेव्हीत लागल्यापासून जळकोटच्या हाटेलात "आमची चैती तोफा उडवती" ही थाप त्यानं इतक्यांदा मारली, की त्याची त्यालाच खरी वाटाय लागली.

मे महिन्यात लेक सुट्टीवर आली आन् घात झाला. भर हाटेलात व्यंकटरावांनी विचारलं, किती तोफा उडवल्या पोरी? पोर बापावर गेली नव्हती. तिनं सरळ सांगितलं, तिचं काम दुर्बीण लावून समुद्र न्याहाळायचं. तोफांच्या सरावाआधी देवमासा, डॉल्फिन, कासव जवळपास दिसलं की वर कळवायचं. मागं एकदा देवमाशीण पिल्लू घेऊन आली, तर ती लांब जाईस्तोवर सगळं जहाज तोफा गप ठेवून थांबलं होतं.

व्यंकटराव ठसका लागेस्तोवर हसले. "म्हंजे सरकारनं तुला मासे राखाय ठिवलंय!"

सगळं हाटेल हसलं. प्रेमानंदाचं नाकच कापलं गेलं. घरी आल्यावर तो लेकीला म्हणाला, तोफ उडवती म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं? "उडवत न्हाय आबा, तर कसं म्हणू?" एवढंच ती बोलली. त्याला लेकीचा राग आला आणि रागाची लाज बी वाटली. भाकर काय गोड लागली न्हाई.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांच्या रानात नांगरट होती. नांगराचं तास निम्म्यावर आलं आन् एक टिटवी केकाटत ट्रॅक्टरवर धावून आली. प्रेमानंदानं ब्रेक दाबला. पुढं ढेकळांत अंडी. त्यानं मुकाट्यानं वळसा घालून तेवढा तुकडा सोडला.

बांधावरनं व्यंकटराव वरडले, मधलं रान का सोडलं? त्यानं अंडी दाखवली.

"टिटवी हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे. पिल्लं निघूस्तोवर नांगर नको तिथं."

प्रेमानंदानं इंजिन बंद केलं. "मालक, मग काल माझ्या लेकीला हसलात कशाला?"

व्यंकटरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. तवर टिटवी अंड्यांवर जाऊन बसली. शेवटी म्हणाले, सांजच्याला पोरीला हाटेलात घेऊन ये, चहा माझ्याकडनं.

सांजच्याला चैताली चहा पीत गप बसली, कारण बोलाय बाप होता. देवमासा एव्हाना माकणीच्या धरणाएवढा झाला होता.