साठ मिनिटांचं मशीन

आमच्या एक्स-रे सेंटरमधला कॉम्प्युटर दर तासाला बंद पडतो. बिघडलेला नाही. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चाचणीपुरती, ठरावीक दिवस फुकट वापरायची आहे, आणि ते दिवस संपलेत. आता पडद्याची पार्श्वभूमी काळी असते, कोपऱ्यात 'मुदत संपली' असं लिहिलेलं असतं आणि बरोबर साठ मिनिटांनी मशीन झोपतं. काम सेव्ह केलंय का, एवढंही विचारत नाही.

ती सिस्टीम मीच टाकली होती, तीन वर्षांपूर्वी. डॉक्टर म्हणाले, "तात्पुरतं काहीतरी कर गं," आणि मला शहाणपणा दाखवायची भारी हौस. मुदत वाढवता यायची, पण मोजून काही वेळा. दर वेळी मी वाढवली की डॉक्टर म्हणायचे, "तू आहेस म्हणून चालतंय बघ." मी खूश! हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की चढणारी जात माझी.

आता सगळं तासाच्या मापाने. पंचावन्नाव्या मिनिटाला सेव्ह, साठाव्याला चहा नाहीतर बाथरूम. खोलीला खिडकी नाही, भिंतींत शिशाचा पत्रा. फोनवर आई विचारते, "एवढी घाईघाईत का बोलतेस? गाडी सुटतेय का तुझी?" "नवं घ्या ना," असं डॉक्टरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला नसती उठाठेव!"

अशात मोठ्या रुग्णालयात तंत्रज्ञाची जागा निघाली. वयाच्या अटीत मी याच वर्षापुरती बसत होते. परीक्षा ऑनलाइन, पण ज्या कॉम्प्युटरवरून नोंदणी केली त्याच्यावरच द्यायची. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून मी सवयीने इथूनच नोंदणी केली. अडीअडचणीला म्हणून एक मुदतवाढ राखून ठेवली आहे, अशी माझी खात्री होती. नव्हती. डॉक्टर गावाला जाणार होते तेव्हा, मागे खोळंबा नको म्हणून, चाळीस दिवस बाकी असतानाच ती मी वापरून टाकली होती आणि साफ विसरले होते.

परीक्षा रविवारी सकाळी दहाला, नव्वद मिनिटांची. मशीन साठ मिनिटांचं. मध्ये बंद पडलं तर परीक्षा बाद.

रविवारी सेंटर बंद असतं, पण मोडलेला हात वार बघत नाही, म्हणून एक किल्ली माझ्याकडे असते. दहाला तीन मिनिटं कमी असताना मी मशीन सुरू केलं. हातात सत्तावन्न मिनिटं होती. मला हसू आलं. तासाच्या आत काम उरकणं मला कोण शिकवणार?

शंभर प्रश्न. फुप्फुसं, मणके, किरणांची मात्रा. मी मान वर केली नाही. दोन प्रश्नांवर अडले, बाकीचे येत होते, खरंच येत होते. त्रेपन्नाव्या मिनिटाला शंभरावं उत्तर दिलं. सुटले, असं मोठ्याने म्हणाले.

'जमा करा' हे बटण फिकट होतं. दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पूर्ण वेळ संपल्याशिवाय उत्तरपत्रिका जमा करता येणार नाही. सूचनांमध्येही ते असणार. सूचना मी घाईत वाचल्या होत्या.

चार मिनिटं उरली होती. मी नुसती बसून राहिले. सगळी उत्तरं समोर होती आणि कुणालाच देता येत नव्हती. तीन. दोन. मग मशीन झोपलं.

दार वाजलं. डॉक्टर आत आले, मागे हात छातीशी धरलेली एक बाई. "अरे वा, तू इथेच? तुलाच फोन करणार होतो. मनगट मोडलंय बहुतेक." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "बंद पडलं वाटतं. चालू कर की."

त्यांचं बोलणं संपायच्या आत माझं बोट बटणावर होतं. ते कधी गेलं, मला कळलंच नाही.

"तू आहेस म्हणून चालतंय बघ," डॉक्टर कौतुकाने म्हणाले आणि त्या बाईंकडे वळले, "नाव सांगा यांना."

मी घड्याळ पाहिलं आणि नाव टाइप करायला घेतलं. पुढचा तास सुरू झाला होता.