प्लेनोचा तह

"आजी, तू फिलिपिन्स. इथे बस," असं म्हणत केयानं अहिल्याबाईंना सोफ्याच्या कोपऱ्यात बसवलं. एक उशी स्पेन झाली, दुसरी अमेरिका. उद्या शाळेत नातीचं प्रेझेंटेशन होतं.

"मी काय बोलायचं?"

"नथिंग. तुझ्या लाइन्सच नाहीयेत."

अहिल्याबाईंना हसू आलं. आज त्यांना कशाचंही हसू येत होतं. नवरा गेल्यापासून नागपूरच्या घरावरून त्यांच्या दोन्ही मुलांत, शैलेंद्र आणि रेणूत, विस्तव जात नव्हता. दोघं एका टेबलाशी बसू देत, मी स्वतः येऊन एकवीस मोदक वाहीन, असा नवस त्या नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला बोलल्या होत्या. आणि आज रेणू अमेरिकेतल्याच अ‍ॅशबर्नहून विमानानं प्लेनोला येऊन भावाच्या डायनिंग टेबलाशी बसली होती. अहिल्याबाईंनी दोनदा चहा नेऊन दिला आणि दोन्ही वेळा लेकरांना डोळे भरून पाहून घेतलं. देव पावला होता.

"आई, ये ना," शैलेंद्रनं हाक मारली. "सगळं सॉर्ट झालं. नागपूरचं घर विकतोय, हाफ-हाफ. तू सहा महिने माझ्याकडे, सहा रेणूकडे."

"अरे, पण मी पुढच्या महिन्यात घरी जातेय ना?"

"तिकीट कॅन्सल केलं. तिकडे एकटी काय करणार तू?"

"राहीन की. माझं घर आहे रे ते."

रेणूनं त्यांचा हात धरला. "आई, प्लीज. आत्ता कुठे माझं नि दादाचं जुळलंय. तू परत सुरू नको करूस."

भांडण मिटावं म्हणून नवस तर त्याच बोलल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण माझा नवस?"

"ऑनलाइन होतो गं आता."

बाहेर केया वाटच बघत होती. "आजी, लास्ट टाइम! पॅरिस, एटीन नाइन्टी-एट. स्पेन-अमेरिकेचं वॉर संपलं, तह झाला. स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं."

"फिलिपिन्सच्या लोकांना कुणी विचारलं नाही?"

"नो. त्यांचा माणूस गेला होता, बट त्याला रूममध्ये येऊच दिलं नाही."

"मी तर खोलीतच होते गं," अहिल्याबाई म्हणाल्या. "चहा मीच केला."

"आजी! तुझ्या लाइन्स नाहीयेत."

आत बहीणभाऊ कशावरून तरी खळखळून हसले, लहानपणी नागपूरच्या घरात हसायचे तसेच. अहिल्याबाई उठून ओट्याशी गेल्या आणि मोदकांसाठी पिठी चाळायला लागल्या. बोललेला नवस फेडायलाच हवा होता.