दहा पैशांचं नाणं

आनंदराजने धातू शोधायच्या यंत्राच्या दांड्याचा नट सोडवला, ताटाएवढी मोठी कॉइल काढून पोत्यावर ठेवली आणि पिशवीतून बशीएवढी लहान कॉइल बाहेर काढली. सकाळपासून मोठी फिरवून त्याचं मनगट भरून आलं होतं. हाती काय लागलं, तर खिळ्यांचा ढीग, पत्र्याचे तुकडे आणि पितळी तांब्याचा चेपलेला काठ.

"मोठी खोल जाती आप्पा, पण इथं तिचा उपयोग न्हाई," नट आवळता आवळता तो म्हणाला. "तिच्याखाली एका टायमाला धा वस्तू येतेत. खिळाबी वरडतो अन् नाणंबी वरडतं, कोण काय म्हणायलंय कळतच न्हाई. ही बारकी वीतभरच खाली बघती, पण एकेकाला येगळं करून सांगती."

"खोल कुठं जायचंय आपल्याला," माणिकप्पा म्हणाला. "घरातली जमीन लागलीच हाय की."

हातात खुरपं धरून तो जमिनीवरच बसला होता. सकाळपासून यंत्र जिथे जिथे वाजलं, तिथे तिथे गुडघे टेकून उकरायचं काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यात लातूरच्या डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलेलं. पण आज त्याला कोण सांगणार आणि तो कुणाचं ऐकणार!

त्याची बायको शिवम्मा उखळाच्या दगडावर बसली होती. जुन्या गावठाणात ओळखीचं म्हणावं असं हे उखळ तेवढं उरलं होतं. भूकंपानंतर गाव नव्या वसाहतीत गेलं, तिथे सरकारने गल्ल्यांना नावांऐवजी आकडे दिले आणि इथे वेड्या बाभळींनी पडकी घरं आपसांत वाटून घेतली. अंगणातलं उखळ दिसलं म्हणून यांचं घर सापडलं. जेसीबीवाल्याने काल वरचे दगड आणि माळवदाची पांढरी माती ओढून बाजूला केली होती. सोमवारपासून सौर ऊर्जेची कंपनी इथली सगळी जमीन सपाट करणार होती, म्हणजे शोधायचं ते आजच शोधायला हवं होतं.

शोधायचं होतं त्यांच्या लेकीच्या, अंजूच्या गळ्यातलं नाणं.

भूकंपाच्या रात्री हे नवरा-बायको मळ्यात होते. भुईमूग काढून पडला होता, त्याला डुकरं लागत होती. गणपती बुडवून आलेली अंजू पेंगुळली म्हणून तिला आजीजवळ झोपवलं आणि दोघं राखणीला गेले. पहाटे जमीन हलली. धावत आले तेव्हा गाव नव्हतं, नुसता धुरळा होता. जवानांनी म्हातारीला काढलं, पण पोरगी काही मिळाली नाही. आणि ज्या लिंगायत घरात माणसाला बसवून, हातात लिंग देऊन माती देतात, त्या घरातल्या म्हातारीला चारचौघांबरोबर लाकडांवर ठेवून रॉकेल ओतावं लागलं. माणिकप्पाच्या मनातून हे कधीच गेलं नाही.

अंजू ढिगाऱ्याखालीच राहिली, असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत आला. शिवम्माला ते मान्य नव्हतं. मंदिरामागच्या कुणीतरी एका जवानाच्या कडेवर लाल परकरातली पोरगी पाहिली होती. ते एक वाक्य घेऊन शिवम्मा सोलापूरला गेली, पुण्याला गेली, जिथे जिथे अनाथ पोरींचं वसतिगृह आहे असं कळलं तिथल्या दारात जाऊन बसली. माणिकप्पाने तिला अडवलं नाही. एसटीच्या भाड्याला पैसे काढून द्यायचा आणि तोंड फिरवून म्हणायचा, "तू जा. मेलेल्या लेकराला शोधत मी हिंडत न्हाई." त्यानंतर दुसरं मूल झालं नाही. एकाच घरात राहून एकाने सुतक धरलं होतं आणि दुसरीने वाट.

आता माणिकप्पाला स्वतःचे दिवस भरत आल्यासारखे वाटत होते. जाण्याआधी पोरीला माती द्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मठातल्या स्वामींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, अंगावरची एखादी वस्तू मिळाली तर तिच्यावर क्रिया करून समाधी बांधता येईल. म्हणून बिलोलीहून आनंदराजला बोलावलं. हा पाणीयोजनांचे मातीत गडप झालेले व्हॉल्व्ह शोधून द्यायचा, शेतात हरवलेली अंगठी काढून द्यायचा. "गुप्तधनाचं काम न्हाई ना?" हे त्याने फोनवर तीन-तीनदा विचारून घेतलं होतं. खरं काम काय ते कळल्यावर मात्र त्याने पुढे काही विचारलं नाही, येतो म्हणाला.

आणि शिवम्मा? ती आली होती ती काही सापडू नये म्हणून. यंत्र वाजलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं आणि मातीतून खिळा निघाला की ती हळूच श्वास सोडायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

लहान कॉइल लावून काम पुन्हा सुरू झालं. खिळ्यांचा आवाज आनंदराजने आता बंद करून टाकला होता. तरी यंत्र स्वच्छ, बारीक आवाजात वाजलं, माणिकप्पाने गुडघे टेकले आणि मातीतून विजेच्या तारेचा तुकडा निघाला. दोन पावलांवर पुन्हा तसाच आवाज, पुन्हा तार. तिसऱ्या वेळी उठताना माणिकप्पाचा तोल गेला. छातीवर हात धरून तो तिथेच टेकला आणि तोंडाने श्वास घेऊ लागला.

"आवं, बसा घटकाभर," शिवम्मा म्हणाली.

आनंदराजने यंत्र आडवं ठेवलं, त्याला पाणी पाजलं.

"आप्पा, असं केलं तर संध्याकाळपर्यंत व्हायचं न्हाई. ह्या भिंतीवरनं लाइट घेतल्याली दिसती, तिच्या तारेचे तुकडे झालेत. तांब्याच्या तारेचा अन् चांदीचा आकडा ह्या यंत्रावर शेजारीशेजारीच येतो. चांदी पायजे असंल तर एकन् एक तुकडा उकरावं लागंल. नाणं नेमकं कशाचं होतं तेवढं सांगा. त्याचा आकडा चालू ठेवतो अन् बाकीचं सगळं बंद करून टाकतो."

"चांदीचंच. निजामाचा रुपया, चारमिनारचा. हिच्या आईनं कडी डाकून दिल्ता."

"मग उकरावंच लागंल." आनंदराजने शिवम्माकडे पाहिलं. "मावशी, गळ्यात तुम्हीच बांधला ना? चांदीचाच होता?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. शिवम्मा बघत होती कोपऱ्याकडे. म्हातारीचं अंथरूण त्या कोपऱ्यात असायचं, वरती बल्ब होता आणि बल्बाची तार त्याच भिंतीवरून गेलेली होती. यंत्र अजून तिथवर पोचलं नव्हतं. चांदी म्हटलं की ते पोचणार, वाजणार, आणि वाजलं की हा म्हातारा छाती फुटली तरी उकरणार.

"न्हाई," ती म्हणाली. "चांदीचा मोडला त्या उन्हाळ्यात. माज्या आईच्या दवाखान्याला पैसे लागले तवा. गळा मोकळा दिसू नये म्हणून धा पैशाचं नाणं घातलं होतं, भोक पाडून. कडंला फुलावानी कातरल्यालं असतंय बघा, ते. ॲल्युमिनियमचं."

"मला सांगितली न्हाईस?"

"तुमी वरडला असता."

इतकं सफाईदार खोटं ती जन्मात बोलली नव्हती. माणिकप्पा तिच्याकडे बघत राहिला. आता हा आकांडतांडव करणार, असं तिला वाटलं. पण तो फक्त म्हणाला, "बरं. धा पैशाचं तर धा पैशाचं. तिच्या गळ्यातलं हाय, म्हंजे झालं."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आनंदराजचा मात्र चेहरा खुलला. तपासून बघायला त्याच्याजवळ डबीभर जुनी नाणी असायची. त्यातलं दहा पैशांचं काढून त्याने मातीवर टाकलं, वरून कॉइल नेली, आकडा बघितला आणि बटणं दाबत आकड्याच्या खालचं लोखंड बंद केलं, वरचं तांबं बंद केलं.

"मावशी, जोडवं द्या बरं तुमचं एक. चांदीचंच हाय ना?"

तिने पायातलं जोडवं ओढून काढून दिलं. आनंदराजने ते नाण्याशेजारी ठेवलं. नाण्यावरून कॉइल गेली की यंत्र वाजत होतं. जोडव्यावरून गेली तर हूं की चूं नाही.

"बघा आप्पा, आता तार असू द्या न्हाईतर चांदी असू द्या, ह्याला त्याचं काही घेणंदेणं न्हाई."

शिवम्माने जोडवं उचलून पदराने पुसलं. पुन्हा पायात घालायला तिचे हात वळेनात, म्हणून कनवटीला खोचलं.

मग काम भराभर पुढे सरकलं. आनंदराज एकेक हात जमीन घेत होता, उभी झाली की आडवी. यंत्र एकदाच वाजलं. माणिकप्पाने खुरपं टाकून बोटांनी माती सारली. माती उकरताना त्याने एकदा डोळे मिटून घेतलेले शिवम्माने पाहिले. निघाली ती मलमाची चेपलेली ट्यूब. म्हातारीच्या गुडघ्यांचं मलम. ते त्याने ओळखलं, झटकून उखळापाशी ठेवलं आणि म्हणाला, "पुढं चल बाबा."

कोपरा आला. शिवम्मा कधी उठून उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. कॉइल भिंतीच्या कडेने गेली, परत आली, तिरपी फिरली. आनंदराज कान देऊन थांबला. बाभळीवर कुठेतरी होला घुमत होता. बाकी काही नाही.

"न्हाई आप्पा," आनंदराज म्हणाला. "इथं नाणं न्हाई. असतं तर वीतभरात वाजलंच असतं."

शिवम्माला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण सुटू. पण सुटल्यासारखं काही वाटेना. पोरगी कुठेतरी जिवंत आहे, नांदते आहे, असं जिला खरंच वाटतं ती बाई चांदी म्हणाली असती. चांदीच होती, उकरा म्हणाली असती, सगळं गाव उकरा, काही निघत नाही बघा. ती खोटं कशाला बोलेल? हे तिच्या डोक्यात आलं आणि ती पुन्हा उखळावर जाऊन बसली. अंजू कुठे आहे हे आपल्याला ठाऊक होतं. केव्हापासून, ते मात्र तिला आठवेना.

माणिकप्पा कोपऱ्यात उभा होता. त्याचे खांदे हलत होते. शिवम्माला वाटलं, रडतोय. तो वळला तेव्हा खरंच डोळ्यांना धार लागली होती, पण तोंडावर हसू होतं.

"शिवम्मा," तो म्हणाला, "इथं न्हाई गं पोरगी. तुजंच खरं होतं. मी इतकी वर्षं तिला मारून बसलो अन् तू एकटी हिंडलीस."

त्याने लगेच फोन काढला आणि स्वामींना सांगून टाकलं की क्रिया करायची नाही, समाधीचे दगड आणायचे नाहीत. मग आनंदराजला जवळ बसवून तो त्याला जवानाची आणि लाल परकराची गोष्ट सांगू लागला. सगळी शिवम्माचीच वाक्यं होती. ज्या गोष्टीला तो आजवर तोंड फिरवत आला, ती आता स्वतः डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगत होता. इतका तरतरीत तो तिला लग्नानंतरच्या दोन-चार वर्षांत दिसला असेल, त्यानंतर नाही. श्वाससुद्धा नीट चालला होता. आता खरं सांगावं, तर या माणसाचं काय होईल? आणि नाही सांगावं, तर सोमवारी इथे काय होईल?

"नांदेडला पेपरात माज्या भाच्याची वळख हाय," आनंदराज म्हणाला. सामान बांधता बांधता त्याचेही डोळे भरून आले होते. "जुना फोटो असंल तर देता येईल."

"देऊ की. उद्याच सोलापूरला जातो आमी दोघं, तिथनं पुण्याला," माणिकप्पा म्हणाला. खुरपं, घमेलं गोळा करत तो कोपऱ्यातून इकडून तिकडे जात होता. मऊ मातीत त्याच्या चपलेचे ठसे उठत होते. तिथे पाय देऊ नका, असं शिवम्माच्या अगदी ओठांवर आलं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

यंत्र पिशवीत गेलं. आनंदराजने दोघांच्या पाया पडून मोटारसायकल सुरू केली आणि तो बाभळीतून दिसेनासा झाला. माणिकप्पा तिच्याशेजारी येऊन बसला, अगदी खेटून. अंगणात, उघड्यावर, असा तो कधी बसला नव्हता.

"पेपरात द्यायचं म्हंजे वय लिव्हावं लागंल," तो म्हणाला. "मला तर काही अंदाज लागंना. केवढी असंल गं आपली अंजू?"

शिवम्मा कोपऱ्याकडे बघत होती.

"चार वर्साची," ती म्हणाली.

माणिकप्पा हसला. "तवाचं न्हाई गं, आताचं इचारायलो," असं म्हणून तो स्वतःच बोटांवर वर्षं मोजू लागला.