अंगणात झाड असलेली जागा

घाटात विजेची इंजिनं लागून चार-दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. पौषातली संध्याकाळ होती. लोणावळ्याच्या स्टेशनात गाडी थांबली आणि आंदर मावळातला हौशीराम आपलं बिऱ्हाड घेऊन फलाटावर उतरला. बिऱ्हाड म्हणजे म्हातारी आई सरुबाई, तिच्या काखेतला धाकटा, बापाचं धोतर धरून चालणारी मंजी, आणि हौशीरामच्या हातात फडक्यानं तोंड बांधलेलं एक लहानसं मडकं. मडक्यात त्याची बायको होती. शालूचं तेरावं उरकून तिच्या अस्थी नाशकाला निघाल्या होत्या. कल्याणकडची गाडी सकाळी इथूनच धरायची, म्हणून रात्रीपुरता आसरा हवा होता.

इंद्रायणी हाताशी असताना नाशिक कशाला, असं भावकीनं विचारलंच. मागं एकदा गावात हरिदास आले होते. गौतम ऋषींनी नाशकाकडं गोदावरीच्या रूपानं गंगा कशी आणली, ते आख्यान त्यांनी असं रंगवलं की चिपळ्या थांबल्या तरी लोक उठेनात. घरी येताना शालू म्हणाली होती, “एकदा बघू की ती गंगा.” हा म्हणाला होता, “बघू.” एवढंच. पण ती कधी गाडीतसुद्धा बसली नव्हती.

बायको गेल्यापासून हौशीरामला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, दगड झाला. दगडाला निदान उन्हानं चटका तरी बसतो. हा सांगितलं की जेवायचा, सांगितलं की उठायचा. मडकं धरून धरून हाताला मुंग्या आल्या होत्या, तेही त्याला मंजीनं बोट ओढलं तेव्हा कळलं.

अस्थी घरात न्यायच्या नसतात, भुईला टेकवायच्या नसतात. झाडाच्या फांदीला बांधून ठेवायच्या. गाडीत कसं, म्हणून त्यानं आईला विचारलं होतं. सरुबाई म्हणाली होती, “गाडीला उंबरा न्हाई. तिला चालतं.” पण उतरायच्या जागेला उंबरा असणार. तेव्हा आई-पोरांना छप्पर हवं आणि नजरेसमोर अंगणात झाड हवं. रस्त्यावर झाडं काय थोडी होती? पण त्यांच्यावर वानरंही होती.

हमालानं स्टेशनासमोरची दुमजली इमारत दाखवली. “बायामाणसं घेऊन आलेले समदे तितंच उतरत्यात,” म्हणाला. गल्ल्यावरचा माणूस चटपटीत होता.

“खोली आहे, खाटा आहेत, गरम पाणी आहे. आणखी काय पाहिजे?”

“झाड हाय का?”

“झाड?”

“अंगणात.”

“बैल आणलाय का बरोबर? बैल बांधायचा तर पेठेपलीकडे तळ आहे, पाटील. इथं माणसं उतरतात.”

“बैल न्हाई.”

“मग झाडाचं काय करणार? वर चढून निजणार का?”

मागं बसलेलं कुणीतरी हसलं. हौशीरामला एक शब्द सांगायचा होता. गावात तो कुणाला सांगावाच लागला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं. आता घशाशी आला आणि तिथंच बसला. तो पायऱ्या उतरला.

तिथून सगळी धर्मशाळेत गेली. तिथला राखणदार नथू मात्र आपलाच, पवन मावळातला निघाला. “पिंपळ व्हता, भाऊ. गेल्या वादळात पडला,” तो म्हणाला. मग सरुबाईकडं बघून आवाज खाली घेतला. “आन असता तरी म्हातारीला, पोरांना हितं नका ठिवू. समदे गडीच निजत्यात, लय दंगा असतो. पेठेमागं त्र्यंबकरावांकडं जावा. बिऱ्हाडकरूंनाच खोली देत्यात. एकट्या गड्याला दारात उभंबी करत न्हाईत.”

वाटेत सरुबाई थांबली. धुकं खाली आलं होतं. “हौशा, त्या पयल्या जागीच जाऊ. पोराचं अंग गार पडलंय.”

“आन ही?”

सरुबाईनं पदर धाकट्यावर ओढला. जिवंताला थंडी लागते, मेलेल्याला लागत नाही, हे तिला म्हणायचं होतं. पण सून गुणाची होती.

“एवढं एक बघू,” हौशीराम म्हणाला. “न्हाई तर तुमी तितं निजा. मी हिला घिऊन भाईर उभा ऱ्हातो.”

“रातभर?”

“व्हय.”

तो हे रागानं बोलला नाही की दुःखानं नाही. दावं सुटलं तर बांधीन, तसं बोलला. आणि म्हणूनच म्हातारी घाबरून पुढं चालू लागली.

त्र्यंबकरावांच्या अंगणात आंब्याचं झाड होतं. भक्कम, हाताला येईल अशी आडवी फांदी. फांदीला उतारूंच्या पोरांसाठी झोका बांधलेला, आणि झोक्यावर पुण्याकडची दोन मुलं बसलेली. त्र्यंबकराव देवळात बुवांच्या बैठकीची तयारी बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई शाल पांघरून कीर्तनालाच निघत होत्या. पलीकडं ओसरीवर मुलांचे वडील माधवराव सुपारी कातरत बसले होते.

“किती माणसं?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“मी, आई, दोन पोरं.” हौशीराम थांबला. “आन...”

पुन्हा तेच. शब्द वर येईना.

“आन आय,” मंजी म्हणाली.

“कुठं आहे गं तुझी आई?”

मंजीनं मडक्यावर हात ठेवला. “ह्यात. तिला झाडाला टांगायचंय.”

ओसरीवरचा अडकित्ता थांबला. हौशीरामला वाटलं, आता हाकलतील. तसं वाटलं तरी आत काही हललं नाही. तो उभा होता तसाच उभा राहिला.

“वहिनी,” माधवराव हळूच म्हणाले, “मुलं खेळतात त्या झाडाखाली.”

“काल पहिल्या रांगेत बसला होतात ना? बुवा काय सांगत होते, देह म्हणजे काय?”

“अहो, ते कीर्तनातलं झालं.”

“मग आज पुन्हा चला ऐकायला. काल नीट ऐकू आलेलं दिसत नाही.”

माधवरावांनी मुलांना आत बोलावलं, तेही हळू आवाजात.

अनसूयाबाई हौशीरामकडं वळल्या. “तेरावं झालं?”

“झालं.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो शब्द आपणच बाहेर पडला. “माझ्या बायकूच्या अस्थी हायत. शालू तिचं नाव.”

“बांधा त्या फांदीला. सुंभ देते. झोका सोडून ठेवते हवं तर.”

“नगं. ऱ्हाऊ द्या.”

त्यानं मडकं बांधलं. गाठ दोनदा ओढून बघितली. रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी ते त्यानं काखेत घातले. सरुबाईनं आत जाऊन धाकट्याला शेगडीजवळ धरलं. पोराला ऊब लागली तसं ते रडायला लागलं, आणि त्याच्या आवाजानं म्हातारीच्या जिवात जीव आला. पानं ओसरीच्या टोकाला वेगळी मांडली होती, पण भात वाफेचा होता आणि वाढणारा हात सढळ होता.

जेवण झाल्यावर हौशीराम घोंगडी घेऊन आंब्याखाली बसला. देवळाकडून टाळ ऐकू येऊ लागले. बुवांचा आवाज धुक्यातून तुटक तुटक यायचा. एखादा शब्द पोचायचा, एखादा वाटेतच राहायचा. एरवी तो मान डोलावून ऐकणारा माणूस. आज कानांवर नुसता आवाज पडत होता.

मंजी झोक्यावर जाऊन बसली. पायानं जमीन ढकलून हळूहळू झुलू लागली. फांदी जराशी दबायची, पुन्हा उठायची.

“दादा, आय बी हालती,” ती बापाला म्हणाली.

त्यानं वर बघितलं. मडकं खरंच डुलत होतं. सुंभ करकरत होता, पण गाठ पक्की होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो उठला आणि झोक्यामागं जाऊन उभा राहिला.

“झोका दिऊ?”

मंजीनं दोर घट्ट धरले.

“दे. पर हळू.”

त्यानं तिच्या पाठीला हात लावला आणि हळूच ढकललं.