दोन क्लचची गाडी

मास्तरीणबाईंनी विमेवाल्याच्या टेबलावरचा पंखा खुशाल आपल्याकडे वळवला, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "पॉलिसीवरची गाडी बदलायचीय. आजच."

विमेवाल्याने खिडकीबाहेर पाहिलं. फुटपाथला लागून एक जुनी, छोटी गाडी उभी होती. दारावरची ड्रायव्हिंग स्कूलची अक्षरं खरवडून काढली होती, तरी उन्हात ती वाचता येत होती.

"बाई, पॉलिसी रविवारी संपतेय. चार दिवसांसाठी कशाला हा खटाटोप? ती संपू द्या, सोमवारी या गाडीची नवी काढू."

"संपू द्यायची नाही म्हणूनच आलेय."

विमेवाल्याने फाईल पुढे ओढली. त्यालाही गाडी बाईंनीच शिकवली होती. निम्म्या गावाला त्यांनीच शिकवलं होतं, शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा क्लच-ब्रेकवर पाय ठेवून. शिकवणं सोडलं तरी त्यांचा दरारा काही उतरला नव्हता.

या खेपेला मात्र गाठ घरच्यांशीच होती. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि डावा पाय ढिला पडला. बरं वाटल्यावर पहिल्यांदा गाडी काढली, तर क्लच वेळेवर दाबला गेला नाही. गाडी हिसका देऊन फाटकाच्या खांबाला घासली आणि बंद पडली. एवढंच झालं होतं. पण मुलाने परगावाहून फर्मान काढलं, पॉलिसी संपली की गाडी विकायची, बाबांचं चालवणं बंद. रविवारी तो स्वतः येणार होता. नवऱ्याने नुसती मान डोलावली. बाईंचं डोकं फिरलं ते त्या मान डोलावण्याने. त्यांनी मुलाच्या आधीच गाडी विकली आणि ही घेतली. नवऱ्याने दोन्ही व्यवहारांच्या कागदांवर न वाचता सह्या केल्या, तेव्हा त्यांना रडू आलं होतं.

"चालवणार कोण?" विमेवाल्याने विचारलं.

"ज्याच्या नावावर आहे तो."

त्याने चष्मा काढला. "काकांच्या आजारपणाचं कळवावं लागेल."

"अर्जात लिहिलंय. डॉक्टरांचं पत्रही जोडलंय. पाय वापरा म्हणालेत ते, घडी घालून कपाटात ठेवा नाही म्हणाले."

"आणि हे दोन्हीकडचे क्लच-ब्रेक? काढून टाकणार ना?"

"त्या पेडलांसाठीच तर ही गाडी घेतली. तेही लिही."

"नवीनच काढली असती तर सोपं झालं असतं हो, बाई."

"इतकी वर्षं त्या माणसाने एकदाही तुमच्याकडे भरपाई मागितली नाही. आता मध्ये खंड पडला की तुमच्या लेखी तो कोणी नवखा. घरात तेच चाललंय. तुम्हीही तेच करणार?"

विमेवाल्याने कंपनीला फोन लावला. होकार यायला दुपार झाली. तोवर बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. पुढच्या वर्षाचा हप्ता भरूनच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद कारखान्यामागच्या मैदानात त्यांनी नवऱ्याला स्टिअरिंगमागे बसवलं. गाडी उचक्या देत दोन हात जायची आणि बंद पडायची.

"बाई, माझ्याच्याने नाही होत," तो म्हणाला. लग्नाआधी तो त्यांचाच विद्यार्थी होता. ती हाक पुढेही सुटली नव्हती.

"पहिल्यांदा शिकवलं तेव्हाही हेच म्हणाला होतात. तेव्हा लग्न केलं तुमच्याशी. आता काय करू? क्लच दाबा."

त्या दिवशी प्रत्येक वेळी बाईंचा पायही क्लचवर दाबला जात होता. दोघांनाही ते ठाऊक होतं.

रविवारी मुलगा रिक्षातून उतरला, तेव्हा अंगणातून एक अनोळखी गाडी फाटकाकडे येत होती. चालवणारा माणूस ओळखू येताच मुलगा बॅग टाकून अर्धवट उघड्या फाटकातून आत धावला, थेट गाडीपुढे, दोन्ही हात पसरून.

"बाबा, थांबा!"

गाडी थांबली. त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर.

तो रागाने लाल होऊन आईच्या खिडकीशी आला. "आई, वेड लागलंय का तुला? आत्ता तू ब्रेक दाबला नसतास तर..."

त्याची नजर खाली गेली. आई सीटवर चक्क मांडी घालून बसली होती. तिच्या चपला खाली पायपुसण्यावर होत्या आणि शेजारचे दोन्ही पेडल मोकळे होते. ती समोर बघत होती. तिच्या पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट आवळलेलं होतं.

मुलाने पलीकडे वाकून पाहिलं. वडिलांचा उजवा पाय ब्रेकवर होता. डावा पाय क्लचवर, थरथरत, पण पार खाली दाबलेला. इंजिन चालूच होतं.

वडिलांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"फाटक पूर्ण उघड," ते म्हणाले. "मागच्या वेळी खांब मध्ये आला होता."